गच्चीवरच्या भाजीबागेला ठिबक: टाकीही गच्चीवरच, मग दाब पुरेल का?

रानमोगरा
नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या घराच्या गच्चीवर भाजीबाग आहे. टोमॅटो, वांगी, मिरच्या, दोडका-कारल्याचा मांडव आणि विटा रचून केलेल्या वाफ्यांत मेथी-पालक. मिरच्यांच्या कुंड्या कठड्यावर आहेत, बाकी सगळं खाली. यंदा ठिबकचा तयार संच आणून बसवला. १६ मिमीची काळी नळी, तिच्यातून ४ मिमीच्या बारीक नळ्या आणि टोकाला लाल टोपीचे, फिरवून पाणी कमी-जास्त करायचे ड्रीपर. पाणी गच्चीवरच्याच हजार लिटरच्या टाकीतून घेतलंय. टाकी चार फुटी चौथऱ्यावर आहे.

अडचण अशी की टोमॅटोच्या कुंड्यांखालून पाणी वाहत जातं आणि मिरच्या माना टाकतात. टोप्या फिरवून सकाळी जमवावं, तर संध्याकाळी पुन्हा बिघडलेलं असतं. मे महिन्यात घर बंद करून आम्ही गावी जातो, त्याआधी हे भरवशाचं व्हायला हवं. पंप बसवू का? ड्रीपर बदलू? की गच्चीवर ठिबक चालतच नाही? ज्यांनी केलंय त्यांचे अनुभव हवे आहेत.

हिरवाचाफा
माझाही हाच प्रश्न आहे. धागा वाचनखुणेत साठवला.

मीनामावशी
रानमोगरा, मी ठिबकच्या बाजूची नाही, आधीच सांगते. दहा-बारा कुंड्या असोत की पन्नास, पाणी हाताने घालावं. झारी घेऊन प्रत्येक झाडापाशी गेलं की पानाच्या मागचा मावा दिसतो, पांढरी माशी दिसते, कुठल्या वांग्याचा शेंडा अळीने पोखरलाय ते कळतं. नळीने पाणी सोडलं की माणूस गच्चीवर जायचंच बंद करतो. आमच्या बिल्डिंगमध्ये असं झालेलं बघितलंय. बाग गेली, नळ्या राहिल्या.

खानदेशी
मावशी, तुमचं म्हणणं मान्य, पण निम्मंच. आमच्या जळगावकडे केळीला ठिबक नाही असं शेत शोधावं लागेल, आणि तो शेतकरी रोज सकाळी बागेत फिरतोच. पाणी देण्यातून सुटलेला वेळ तो झाड बघण्यात घालवतो. घरी का नाही जमणार?

रानमोगराताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. ते लाल टोपीचे ड्रीपर काढून टाका. टोपी जराशी फिरवली तर थेंबाची धार होते, आणि दोन टोप्या सारख्या कधी बसत नाहीत. कमी दाबावर आमच्याकडची जुनी पद्धत बरी. ड्रीपरच नको, नुसती बारीक मायक्रोट्यूब. जिथे पाणी जास्त पडतंय तिथे नळी लांब ठेवायची, कमी पडतंय तिथे आखूड करायची. नळीची लांबी वाढली की घर्षण वाढतं, पाणी कमी येतं. भोक मोठं असल्याने चोंदतेही कमी. ठिबक नवीन होतं तेव्हा कितीतरी बागा अशाच चालायच्या.

यंत्रवेल्हाळ
ताई, एक विचारतो. कठडा किती उंच आहे? आणि मिरच्यांच्या कुंड्या केवढ्या?

रानमोगरा
कठडा तीन फूट. कुंड्या साधारण फूटभर उंचीच्या.

यंत्रवेल्हाळ
मग उत्तर तुमच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. नीट मांडतो, कारण गच्चीवर ठिबक करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते.

ठिबकचे ड्रीपर साधारण एक बार दाबासाठी केलेले असतात. '४ लिटर प्रति तास' असं लिहिलेलं असतं ते त्या दाबाला. एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. घर तिसऱ्या मजल्यावर आहे की दहाव्या, याला काही अर्थ नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि ड्रीपरचं तोंड यांच्यात जेवढं अंतर, तेवढाच तुमचा दाब.

आता तुमची टाकी. तळ चार फुटांवर. टाकी भरलेली असताना आत तीन फूट पाणी धरू, म्हणजे पातळी सात फूट. टोमॅटोच्या कुंडीचा काठ एक फुटावर, म्हणून त्याला सहा फुटांचा दाब. मिरचीच्या कुंडीचा काठ तीन अधिक एक, म्हणजे चार फुटांवर, टाकीच्या तळाच्या बरोबरीने! तिला मिळतो तीन फुटांचा दाब. टाकी अर्धी झाली की टोमॅटोला साडेचार फूट, मिरचीला दीड. टाकी तळाशी गेली की टोमॅटोला अजून तीन फूट शिल्लक आहेत, आणि मिरचीला शून्य.

साध्या ड्रीपरमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. म्हणून टाकी भरलेली असताना टोमॅटोला मिरचीच्या सुमारे दीडपट पाणी मिळेल, अर्धी असताना पावणेदोनपट, आणि पुढे फरक वाढतच जाईल. सकाळी जमवलेलं संध्याकाळी का बिघडतं, त्याचं कारण हे आहे. टोप्यांचा दोष थोडा आहे, खरा दोष उंचीचा आहे.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तुम्ही तोटी बंद करता तेव्हा नळीत अडकलेलं पाणी सगळ्यात खालच्या तोंडांतून निथळतं. म्हणजे मिरचीच्या वाट्याचं राहिलेलं पाणीसुद्धा टोमॅटोच जातं घेऊन.

हिरवाचाफा
बाप रे, हे कुणी सांगितलंच नव्हतं! दुकानदार म्हणाला होता की टाकीला जोडा, आपोआप चालेल.

बावधनकर
मग दाब-नियंत्रक ड्रीपर लावले तर? पीसी म्हणतात ते. वरखाली कुठेही सारखंच पाणी देतात म्हणे.

यंत्रवेल्हाळ
बावधनकर, पीसी ड्रीपर उत्तम चीज आहे, पण आतला रबरी पडदा काम करायला ठरावीक किमान दाब लागतो. तो बहुधा अर्ध्या बारच्या आसपास असतो, म्हणजे पाच मीटर. गच्चीवरच्या टाकीतून तो मिळत नाही. टाकी वर आणि बाग खाली अंगणात असेल, किंवा पंप असेल, तरच पीसी घ्या. डोंगरउतारावरच्या फळबागांसाठी ते आहेत.

ऑस्टिनकर
इथे टेक्सासमध्ये आमची अडचण नेमकी उलटी आहे. अंगणातल्या नळाला दाब इतका असतो की ठिबकच्या नळ्या जोडातून निसटतात. म्हणून नळाला आधी पाणी उलटं फिरू न देणारी झडप, मग फिल्टर, मग २५ पीएसआयचा (सुमारे पावणेदोन बारचा) दाब-नियामक, आणि त्यानंतर नळी. ड्रीपर गॅलनमध्ये मोजतात. अर्ध्या गॅलनचा घेतला तर तो तुमच्या दोन लिटरवाल्याच्या जवळ जातो. कार्ली, गवार, भेंडी सगळं यावरच येतं. इथल्या उन्हाळ्यात भेंडी काय वाढते, सांगून खरं वाटणार नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी द्यायचे वार ठरवून दिलेले असतात, त्यामुळे नळ्यांवर गवताचं जाड आच्छादन घालणं फार कामाचं. थंडीत पाणी गोठण्याआधी सगळा संच निथळून आत ठेवावा लागतो, नाहीतर झडप फुटते.

आंबोळी
कोकणातून लिहितोय. आमच्याकडे भात कापून झालं की परसात भाजीचे वाफे घालतात आणि विहिरीच्या पाण्यावर शिंपणं सुरू होतं. आजी-आजोबांनी कळशीने शिंपलं, आता ठिबक आहे. जांभ्या मातीत पाणी थांबत नाही, सरळ खाली जातं. म्हणून एका झाडाला एक ड्रीपर चार लिटरचा देण्यापेक्षा दोन लिटरचे दोन, बुंध्याच्या दोन बाजूंना, हे आमच्याकडे चांगलं चालतं. शेजारच्या काळ्या मातीत तोच थेंब कांद्यासारखा आडवा पसरतो, इथे मुळ्यासारखा खाली उतरतो.

त्रास दोन. ड्रीपरच्या तोंडात मुंग्या घुसतात आणि माकडं नळ्या ओढतात. नळ्या पेंढ्याखाली झाकल्या की माकडांचा त्रास बराच कमी होतो. मुंग्यांसाठी आठवड्याला शेवटच्या टोकाची टोपी काढून पाणी धो धो सोडतो.

खानदेशी
आंबोळी, गच्चीवरच्या लोकांनी तुमचं हे वाचावंच. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली कुंडी जांभ्यासारखीच वागते. पाणी ड्रीपरच्या खाली सरळ उतरून तळाच्या भोकातून बाहेर, आणि बाजूची माती कोरडी. वरून वाटतं, पाणी भरपूर झालं. रानमोगराताईंच्या टोमॅटोखाली पाणी वाहतं, त्यात याचाही वाटा असणार.

मृद्गंध
बरोबर. त्यावर उपाय म्हणजे पाणी तुकड्यांत द्यायचं. एकदम तासभर चालवण्यापेक्षा सकाळी थोडं, ऊन उतरल्यावर थोडं. कोरडं पडलेलं कोकोपीट पाणी झटकन घेत नाही, आधी ओलं व्हावं लागतं.

किती पाणी द्यायचं याचा एक सोपा हिशेब मी वापरते. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कडक उन्हात झाडं आणि माती मिळून दिवसाला सहा-सात मिलीमीटर पाणी उडतं. झाडाचा पसारा अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद असेल तर पाव चौरस मीटर, म्हणजे दीड लिटरच्या पुढे. गच्ची तापते, कुंडीच्या बाजूही तापतात, म्हणून मोठ्या टोमॅटोला दोन लिटर धरा. थंडीत याच्या निम्मंही पुरतं. संच बसवताना ठरवलेली वेळ वर्षभर तशीच ठेवली की बाग बिघडते. ऋतू पालटला की वेळ पालटायची.

आणि तरीही बोट दोन पेरं मातीत घालून बघायचंच. दुपारी पानं मलूल दिसली म्हणजे पाणी हवं असं नसतं. माती आत ओली असेल तर संध्याकाळी झाड आपोआप सावरतं.

मीनामावशी
बोट घालून बघायचं असेल तर गच्चीवर जावं लागणारच की! मग झारीच का नको?

मृद्गंध
मावशी, टोमॅटोसाठी नको. टोमॅटोच्या बुडाला काळा, चपटा डाग पडतो तो बहुतेक लोक रोग समजून औषध मारत बसतात. तो पाण्याच्या अनियमितपणामुळे पडतो. माती कधी कोरडी, कधी चिखल झाली की फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही. फळं तडकतात तीही यानेच. काकडी पाण्याचा ताण पडला की कडू होते. शिवाय झारीने किंवा पाइपने पानं भिजत राहिली की करप्याला आयतं आमंत्रण. ठिबकने पाणी वाचतं, हे खरंच आहे. पण घरच्या बागेत मला त्याहून मोठा फायदा वाटतो तो रोज सारखंच पाणी मिळण्याचा. आठ माणसांच्या घरात कुणी कधी पाणी घालावं हे ठरत नसतं, त्याची किंमत झाड मोजतं.

मीनामावशी
काळ्या डागाचं माहीत नव्हतं. माझ्याकडे दरवर्षी येतो. मी चुना घालत होते.

मृद्गंध
चुना घालायच्या आधी पाणी सारखं करून बघा, मावशी. मातीत कॅल्शियम असतं बहुधा, ते पोचवायला पाणी लागतं. ठिबक नको असेल तर कुंडीत मडकं पुरा. न रंगवलेलं, साधं भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरून वर झाकण. माती कोरडी होईल तसं ते पाझरतं. मोठ्या कुंडीला आणि वाफ्याला छान चालतं.

पालेभाजी
मेथी-पालकाचं काय? त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

आंबोळी
फोकून पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीला एकेक ड्रीपर देऊन उपयोग नाही, मधलं कोरडं राहतं. ओळीत पेरणार असाल तर इनलाइन नळी घ्या, जिच्या पोटातच दर ३० सेंटीमीटरवर ड्रीपर असतो, आणि वाफ्यात शेजारी शेजारी अंथरा. नाहीतर पालेभाजीला झारी. मीनामावशी इथे जिंकल्या.

मीनामावशी
चला, एक वाफा तरी माझ्याकडे आला.

बावधनकर
सरकारी अनुदान मिळतं ना ठिबकला? गच्चीवरच्या बागेला मिळेल?

खानदेशी
नाही हो. ते 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून शेतकऱ्याला मिळतं. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि नावावर शेतजमीन लागते. केंद्राच्या नियमाने अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५, वर राज्याची भर वेगळी. घरच्या बागेचा खर्च आपला आपणच. पण घरचा संच काही फार मोठा नसतो.

हिरवाचाफा
आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरं साचतं आणि दोन-तीन महिन्यांत बंद पडतात. काय करावं?

खानदेशी
ते क्षार आहेत, चुन्याचे. शेतात आम्ही आम्ल सोडून लाइन धुतो. घरी ते नको, धोक्याचं काम आहे. ड्रीपर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी चोळून धुवा. म्हणून घरी काढता-घालता येणारे ड्रीपर घ्यावेत. नळीच्या पोटातला ड्रीपर चोंदला तर तुकडा कापून बदलावा लागतो.

आणि फिल्टर हवाच, १२० मेशचा म्हणजे बारीक जाळीचा, मग पाणी कितीही स्वच्छ दिसो. टाकी पांढरी असेल तर उजेडाने शेवाळ धरतं आणि तेच ड्रीपरमध्ये बसतं. काळी टाकी घ्या, किंवा आहे तीच झाका. जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत) द्यायचं असेल तर दुहेरी फडक्यातून गाळून, आणि त्यानंतर दहा मिनिटं नुसतं पाणी.

मृद्गंध
जड पाण्याबद्दल एक भर. ठिबकच्या थोड्या थोड्या पाण्याने कुंडीतले क्षार धुतले जात नाहीत, ओल्या भागाच्या कडेला साठत जातात. मातीवर पांढरी पापडी दिसू लागली की एकदा भरपूर पाणी घालून तळातून वाहू द्यावं. तेवढ्यापुरतं पाणी वाहिलं तरी चालेल.

रानमोगरा
सगळ्यांचे मनापासून आभार. यंत्रवेल्हाळांनी मांडलेला हिशेब वाचून रविवारी प्रयोग केला. लाल टोप्या काढून सगळीकडे एकाच मापाचे ४ लिटरचे साधे ड्रीपर लावले, प्रत्येकाखाली रिकामी बाटली ठेवली, टाकी भरलेली असताना अर्धा तास पाणी सोडलं. टाकी निम्मी झाल्यावर पुन्हा तेच केलं. खालच्या बाटल्यांत दोन्ही वेळा फारसा फरक नाही. कठड्यावरच्या मात्र दुसऱ्या वेळी स्पष्टच कमी भरल्या. दोष उंचीचाच आहे, खात्री पटली.

आता पुढे काय करू? पंप, की मिरच्या खाली उतरवू? खाली उन्हाची जागा उरलेली नाही.

यंत्रवेल्हाळ
बाटल्यांची चाचणी प्रत्येकाने करावी, फार छान केलंत.

पंप नको. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळीला दोन फाटे करा, दोन्हींवर वेगळी तोटी. एक फाटा खालच्या कुंड्यांचा, एक कठड्याचा. कठड्याचा फाटा सकाळी नळाचं पाणी येऊन टाकी काठोकाठ भरली की आधी सोडायचा, आणि जास्त वेळ. तो बंद करून मग खालचा. फाटे वेगळे झाले की मिरचीच्या नळीतलं पाणी टोमॅटोत निथळणंही थांबेल. कठड्याच्या फाट्याला खानदेशींनी सांगितलेल्या मायक्रोट्यूब लावल्या तर आणखी बरं, कारण तिथे दाब फार कमी आहे. आखूडच ठेवा.

मे महिन्यासाठी दोन टायमर लागतील. दुकानात नीट विचारून घ्या. बरेच टायमर पडदा-झडपेचे असतात, त्यांना उघडायला दाब लागतो, आणि तुमच्या टाकीवर ते उघडणारच नाहीत किंवा अर्धवट उघडतील. 'शून्य दाबावर चालणारा', आत गोल फिरणारी बॉल व्हॉल्व असलेला टायमर मागा. जायच्या आदल्या दिवशी नव्या बॅटऱ्या घाला.

टायमरचा दुसरा फायदा असा की एखादी बारीक नळी निसटली तर नुकसान त्या अर्ध्या-पाऊण तासापुरतं. तोटी नुसती बारीक चालू ठेवून गेलात आणि नळी निसटली, तर रात्रीत टाकी रिकामी.

बावधनकर
आणि टाकीत पाणीच आलं नाही तर? मे महिन्यात पाणीकपात असते.

यंत्रवेल्हाळ
रास्त शंका. हिशेब करा. चाळीस झाडं धरली आणि दोन लिटर, तर रोजचे ऐंशी लिटर. हजार लिटर बारा दिवस पुरायला हवेत. पण कठड्याच्या मिरच्यांसाठी नाही, पातळी उतरली की त्यांचं पाणी पहिल्यांदा तुटतं. म्हणून निघायच्या आधी तेवढ्या मिरच्या कठड्यावरून उतरवून टोमॅटोच्या सावलीत ठेवा. पंधरा दिवस ऊन कमी मिळालं तर मिरची मरत नाही, पाणी नसेल तर मरते.

ऑस्टिनकर
कुंड्यांवर आच्छादन विसरू नका. वाळकी पानं, उसाचं पाचट, काहीही, दोन-तीन इंच जाड. ड्रीपर आच्छादनाच्या खाली, मातीवर.

पालेभाजी
आणि हिरवी शेडनेट, ५० टक्क्यांची. मेथी-पालक मात्र जायच्या आधी काढून खाऊन टाका.

मीनामावशी
रानमोगरा, संच जायच्या आठवडाभर आधीपासून टायमरवर टाक आणि त्या आठवड्यात हात लावू नकोस, फक्त बघ. जे बिघडायचं ते तू घरी असताना बिघडू दे. आणि शेजारी कुणाकडे तरी गच्चीची किल्ली ठेव. माझ्या एका टोमॅटोला मी पण नळी लावून बघणार आहे या खेपेला, त्या काळ्या डागासाठी. बारीक नळी सुटी मिळते का, की अख्खं भेंडोळंच घ्यावं लागतं?

खानदेशी
शेतीसामानाच्या दुकानात मीटरवर मिळते, मावशी. ४ मिमीची पाच मीटर घ्या, आणि १६ मिमीच्या नळीला भोक पाडायचा पंच तिथूनच घ्या. खिळा तापवून भोक पाडू नका, ते गळतं.